वाहुळे मॅडमची मोजणी

जमलेल्या मंडळींनो, आयाबायांनो, आणि समोर बसलेल्या सुभद्राताई,

मला बोलायला उभं केलं ते बहुतेक माझा आवाज मोठा आहे म्हणून. एसटीत कंडक्टर होतो. जालना-अंबड, जालना-परतूर, जालना-जांब समर्थ, सगळी नोकरी ह्याच लाईनीवर गेली. भरल्या गाडीत शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, अशी बोलायची सवय. पण आज माईक हातात घेतला आणि शब्द मागं-पुढं व्हायला लागले. म्हणून थांबत थांबत बोलतो. मधीच गप झालो तर माझं संपलं असं समजून कुणी उठू नका.

मी रंगनाथ ढवळे. हौदाच्या गल्लीत राहतो. हे सांगावं लागून राह्यलं, कारण आज इथं दोन्हीकडचे लोक बसलेत आणि निम्म्यांची एकमेकांशी तोंडओळखसुद्धा न्हाई. माझ्या उजव्या हाताला आमच्या हौदाच्या गल्लीतले. डाव्या हाताला पंचशीलनगरातले. आणि आपण बसलोत ते मधलं बंद पडलेलं गोदाम. माझ्या जन्माच्या आधीपासून ह्याला दोन्ही अंगांनी भिंत होती. आता दोन्ही अंगांना एकेक मोठं दार पडलंय. उजवीकडचं दार आमच्या गल्लीत उघडतं, डावीकडचं पंचशीलनगरात. ही दारं ज्यांच्यामुळं पडली, त्या डॉक्टर संघमित्रा वाहुळे, आपल्या वाहुळे मॅडम, मागच्या आठवड्यात गेल्या. त्यांच्यासाठी आपण जमलोत.

सुभद्राताई, तुम्ही त्यांच्या आई. तुमच्यासमोर तुमच्या लेकीबद्दल मी काय बोलावं? मघाशी बुद्धवंदना झाली तेव्हा तुमचा आवाज सगळ्यात ठाम होता. मी ओठ हलवत होतो फक्त. ताई, मला माफ करा, मला रडू आलं तर येऊ द्या. म्हाताऱ्या माणसाला कुणी हसत न्हाई.

मॅडम संभाजीनगरला आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवायच्या. राहायच्या बदनापूरला, आईजवळ. एक पाय तिकडं, एक पाय इकडं जालन्यात. गाडीतून उतरायच्या, पाठीवर सॅक, डोक्याला रुमाल, आणि पायी फिरायच्या. बरं, फिरून काय करायच्या? तर शहर मोजायच्या. आता शहर मोजायच्या म्हणजे काय, हे मलाबी पहिल्यांदा कळलं न्हाई. मी विचारलं, "मॅडम, जमीन मोजतात, कपडा मोजतात. गाव कसं मोजायचं?" त्या म्हणल्या, "काका, डॉक्टर माणसाची नाडी बघतो ना, तसं बघायचं. गल्ली किती रुंद, घरं किती उंच, दारं कुणीकडं उघडतात. एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत माणसाला किती चालावं लागतं. कुठं चार वाटा मिळतात, कुठं वाट संपूनच जाते. हे सगळं मोजलं की शहर कुठं दुखतंय ते कळतं."

मी म्हणलं, "आमचं दुखणं आम्हाला माहीत आहे. त्याला मोजायची काय गरज?"

त्या म्हणल्या, "तुम्हाला माहीत आहे. पालिकेच्या साहेबांना न्हाई."

मंडळी, दुखणं कोणतं होतं ते आमच्याकडच्यांना सांगायची गरज न्हाई, पण पंचशीलनगरवाल्यांसाठी सांगतो. शहराचा नवा आराखडा आला. त्यात मोंढ्यापासून, म्हणजे धान्याच्या बाजारापासून, बायपासपर्यंत एक मोठा रस्ता दाखवलेला, आणि तो नीट आमच्या हौदाच्या गल्लीतून. दोन्ही बाजूंच्या घरांच्या पुढच्या खोल्या जाणार. कुणाचं दुकान, कुणाचं देवघर, कुणाची म्हातारी जिथं झोपते ती खोली. माझ्या घराचं तर अर्धं जातं. आमच्या घरच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, तो नकाशा बघितला आणि दोन दिवस तिच्या पोटात अन्न गेलं न्हाई. आम्ही मोर्चा काढला. निवेदन दिलं. पुढाऱ्याला भेटलो, त्यानं आमच्यासोबत फोटो काढला आणि चहा पाजला. रेघ काही हालली न्हाई.

अशात मॅडम आल्या. आणि पहिल्याच पावलाला घोटाळा झाला.

हसून राह्यले बघा बाबुराव. हसा. तुमचा नंबर पुढं आहे.

झालं असं. मॅडम पहिल्या दिवशी आल्या त्या नुसत्या सांगायला. भली बाई. घरोघरी जाऊन हात जोडून सांगितलं, "पुढच्या रविवारी मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन येणार आहे. तुमची गल्ली मोजणार आहे. घाबरू नका." आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं मोजणी म्हणलं की माणसाच्या डोक्यात काय येतं? पाडापाडी. सरकारी माणूस टेप घेऊन आला की मागून जेसीबी आला, हेच आपण बघत आलोत. आणि वरून कुणी सांगितलं घाबरू नका, मंग तर माणूस हमखास घाबरतो. शनिवारपर्यंत गल्लीत एकच बोलणं. ज्याचा ओटा रस्त्यावर आलेला दिसंल त्याचं घर आधी जाणार.

मंग काय. ज्यानं त्यानं आपापला ओटा फोडला. घरापुढचा बसायचा ओटा. बापाच्या, आज्याच्या हातचे ओटे. कुणी घण आणला, कुणी पहार. दिवसभर नुसती धडधड. मीबी फोडला. आमच्या मंडळी संध्याकाळी जिथं गहू निवडत बसायच्या, तो ओटा मी स्वतःच्या हातानं फोडला आणि माती पोत्यात भरून मागं नेऊन टाकली. हौदाची गल्ली एका दिवसात अशी साफ झाली, की बाहेरून आलेला पाहुणा म्हणला असता, वा, काय रुंद गल्ली आहे.

रविवारी मॅडम आल्या. पोरं-पोरी आली. ते लाल ठिपक्याचं यंत्र एका भिंतीला लावायचं, समोरच्या भिंतीवर ठिपका पडायचा, आकडा यायचा. आमच्या पोरांना मजा वाटली. दुपारपर्यंत काम उरकलं. गल्लीचा नकाशा कागदावर आला. आणि मॅडम त्या कागदाकडं बघत राह्यल्या. आधी एकदा त्या गल्लीतून चालल्या होत्या ना, तेव्हा दोघं समोरासमोर आले तर अंग चोरावं लागायचं. आणि कागदावर तर गल्ली ऐसपैस.

तेवढ्यात त्यांचं लक्ष हमीदाखालाकडं गेलं. खाला, तुम्ही इथंच बसल्यात, मी काही वाढवून सांगत असलो तर तिथंच टोका. खालाचं वय झालेलं, गुडघे गेलेले, आणि खाला दाराची चौकट धरून उभ्या. मॅडम म्हणल्या, "खाला, उभ्या का? बसा ना."

खाला म्हणल्या, "बैठूं किधर बेटा? तू नापने को आ रई बोलके ओटाइच निकाल दिए."

मॅडमचा चेहरा असा उतरला. मी आयुष्यात लाखो चेहरे बघितले असतील, तिकिटाचे पैसे हरवलेले, गाडी चुकलेले. पण तसा उतरलेला चेहरा बघितला न्हाई. त्या खाली बसल्या. खालाच्या दारातच, मातीत. आणि गल्ली परत एकदा बघितली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रत्येक दारापाशी ताजी फोडलेली माती. विद्यार्थ्यांपैकी एकजण म्हणला, "मॅडम, नकाशा तर बराबर आलाय." त्या म्हणल्या, "मशीन बराबर आहे. नकाशा खोटा आहे."

आणि मंग त्यांनी आम्हाला समजावलं की आम्ही काय करून बसलो. आम्ही घर वाचवायला ओटे फोडले. पण हा नकाशा साहेबांसमोर गेला असता तर साहेब म्हणले असते, वा, गल्ली तर आधीच रुंद आहे, लोकांनी स्वतःच जागा सोडली, आता थोडंच पाडलं की रस्ता झाला. म्हणजे आम्ही आमच्याच हातानं रस्त्याची निम्मी पाडापाडी करून दिली होती. आम्ही शहाणे.

दुसरा कुणी असता तर नकाशा घेऊन गेला असता. त्याचं काम झालेलं. मॅडमनी तो कागद आमच्यासमोर फाडला. म्हणल्या, "खाला, माझं चुकलं. मी नीट सांगितलं न्हाई. तुमच्या बसायच्या जागा आधी परत बांधा. मंग मी येते." आणि पुढच्या आठवड्यात खरंच आल्या. सॅक ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि खालाच्या ओट्याला विटा द्यायला लागल्या. सुभद्राताई, तुम्ही पोरीला कामाला लावलं होतं लहानपणी, हे बिलकुल दिसत होतं. वीट झेलायची पद्धत असते. त्यांना ती येत होती.

झालं, सगळ्यांनी ओटे बांधले. आता बाबुराव.

बाबुरावांनी विचार केला, बांधतोच आहे तर थोडा मोठा बांधू. कोण बघतंय. मॅडम आल्या, बाबुरावांच्या ओट्यापुढं उभ्या राह्यल्या. भिंतीवर जुन्या ओट्याची चुन्याची पुसट रेघ अजून होती. रेघ इथं, नवा ओटा तिथं. मॅडम काही रागावल्या न्हाईत. म्हणल्या, "बाबुरावकाका, तुमच्या ओट्यानं बाळसं धरलंय." सगळी गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी ओटा रेघेवर. बाबुराव, त्या दिवसापासून तुम्ही मॅडमचे सगळ्यात मोठे चाहते, हे मी सगळ्यांसमोर सांगतो. शेवटी मॅडम दवाखान्यात होत्या तेव्हा डबा घेऊन सगळ्यात जास्त वेळा तुम्हीच गेल्ता.

मंग खरी मोजणी झाली. ओट्यासकट, पायऱ्यासकट, नळाच्या कट्ट्यासकट. आणि मॅडमनी त्याचा असा नकाशा केला, घरं सगळी काळी आणि मोकळी जागा पांढरी. मी चष्मा लावून बघितलं. म्हणलं, "मॅडम, ह्यात माणसं कुठायत?" त्या म्हणल्या, "पांढऱ्यात." मी घरी जाऊन आमच्या मंडळींना तेच सांगितलं. ती म्हणली, मंग त्या रस्त्यावाल्या साहेबाला सांगा ना, पांढऱ्यात माणसं राहतात म्हणून.

मॅडमनी बायपासकडच्या नव्या प्लॉटिंगाचाबी नकाशा दाखवला. तिथं रस्ते रुंद, सरळ, घरापुढं उंच कंपाउंड. म्हणल्या, "काका, तिथं मी सबंध संध्याकाळ फिरले. कुणीच भेटलं न्हाई. कुत्री भेटली." आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी कोणत्याबी ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतंच. कोण बाहेर गेलं, कोण परत आलं, कुणाचं पोर रडतंय, सगळी खबर. मी म्हणलं, "मॅडम, ती चुगलीची जागा आहे." त्या म्हणल्या, "असू द्या. तीसुद्धा मोजली मी."

पण मंडळी, मॅडमनी आमची तरफदारी केली असं समजू नका. हे मला मुद्दाम सांगायचंय. मी त्यांना एकदा चिडून म्हणलं होतं, "मॅडम, तुमच्या ह्या काळ्यापांढऱ्यानं रस्ता थांबत असतो का? रस्ता पुढारी थांबवतात." त्या शांतपणे म्हणल्या, "काका, मला रस्ता थांबवायचाच न्हाई. मोंढ्यातली गर्दी खरी आहे. ट्रक खरे आहेत. शाळेची पोरं त्या ट्रकांतून जातात हे खरं आहे. रस्ता कुठून गेला तर कमी दुखंल, एवढंच मी शोधून राह्यले." मी म्हणलं, "म्हणजे तुम्ही आमच्या बाजूच्या न्हाई?" त्या म्हणल्या, "मी गावाच्या बाजूची आहे. तुम्ही गावातच राहता ना?"

आणि शोधता शोधता त्यांना हे गोदाम सापडलं.

सापडलं काय, त्यांना ते लहानपणापासून माहीत होतं. पंचशीलनगरवाल्यांना ठाऊक आहे, त्यांची मावशी तुमच्यात राहायची. सुटीत मॅडम मावशीकडं यायच्या. मला त्यांनी स्वतः सांगितलं. म्हणल्या, "काका, मावशीच्या अंगणात बसलं की तुमच्या गल्लीतल्या शाळेची घंटा ऐकू यायची. इतकी जवळ, की वाटायचं कुणीतरी घरातच वाजवली. आणि मावसभावाला त्याच शाळेत जायला मोंढ्याचा सगळा वळसा. रोज उशीर, रोज छडी. मी मावशीला विचारायचे, घंटा जवळ आणि शाळा लांब, असं कसं? मावशी म्हणायची, मधी भिंत आहे बाई." मला वाटतं तो प्रश्न त्यांनी तिथून उचलला आणि त्याचा जबाब कॉलेजात जाऊन पुस्तकातून शोधला.

मोजून बघितलं तर निघालं असं, की सबंध जालन्यात मधी वाटच नसलेला एवढा लांब ठोकळा दुसरा न्हाई. मोंढ्याच्या कोपऱ्यापासून पार पुलापर्यंत माणसाला कुठं आत वळताच येत न्हाई. आमच्याकडच्या तीन बोळी भिंतीपाशी येऊन मरतात. तुमच्याकडच्याबी मरतात. म्हणून सगळी माणसं, सगळ्या सायकली, सगळे हातगाडे त्या एकाच मोठ्या रस्त्यावर. आणि म्हणून तो रस्ता तुंबतो, आणि तुंबतो म्हणून साहेबांना आमच्या घरावर रेघ मारावी वाटते. मॅडमचं म्हणणं एवढंच, हे गोदाम पालिकेच्याच ताब्यात आहे, बंद आहे, ह्याला दोन्हीकडून वाट द्या. चालणारी माणसं आतून जातील. ट्रकाचा रस्ता पुलाच्या बाजूनं न्या, तिथं कुणाचं घर न्हाई.

हे आम्हा लोकांना कळावं म्हणून त्यांनी काय केलं, ते तुम्हाला आठवत असंल. शाळेच्या मैदानावर चुन्याची फक्की टाकून सगळा नकाशा मांडला. कबड्डीचं मैदान आखतात तसा. आणि दोन्हीकडच्या लोकांना बोलावलं. म्हणल्या, आपापल्या घराच्या जागी उभं राहा. आम्ही लाजत लाजत उभं राह्यलो. मंग खाला आपल्या जागी, आणि पंचशीलनगरातल्या शांताबाई त्यांच्या जागी. दोघींच्या मधी फक्त गोदामाचा चौकोन. शांताबाईंनी खालाकडं बघितलं आणि म्हणल्या, "म्हणजे पहाटे खोकतात त्या तुम्हीच का?" आणि खाला म्हणल्या, "और तुमारा मुर्गा मेरेकू उठाता."

मंडळी, त्या दिवशी मैदानात खूप हसलो. पण घरी जाताना पंचशीलनगरवाले मोंढ्याचा वळसा घालूनच गेले. ती भिंत नुसती गोदामाची होती का? हा सवाल मी माझ्यापाशी ठेवतो, तुम्ही तुमच्यापाशी ठेवा. आज मला कुणाला दोष द्यायचा न्हाई.

आराखड्याच्या सुनावणीला मॅडम आल्या तेव्हा त्यांची तब्येत उतरायला लागली होती. आम्हाला त्यांनी सांगितलं न्हाई. म्हणायच्या अॅसिडिटी आहे. साहेबांसमोर नकाशे लावले. आधी म्हणल्या, ह्या गल्लीची माझी पहिली मोजणी चुकली होती, कशी चुकली ते सांगते. आणि ओट्याची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता गेलं सगळं, आपलीच चूक कशाला सांगायची. पण साहेब खुर्चीत पुढं सरकले. तिथून पुढं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. साहेब माणूस सरळ. म्हणले, "मॅडम, कागदावर तुमचं पटतं. पण वाट उघडली आणि लोक गेलेच न्हाईत तर? मी दोन्ही भिंतींना दार पाडून महिनाभर उघडं ठेवतो. महिना संपला की येऊन बघतो. लोक वापरत असतील तर रस्त्याची रेघ बदलायची शिफारस करतो. न्हाईतर भिंत परत बांधू आणि आराखडा आहे तसा." इतकं स्वच्छ बोलणारा साहेब मी पहिल्यांदा बघितला.

दारं उघडली. नारळ फोडला. पेढे वाटले. आणि मंग, मंडळी, आपण काय केलं?

आपण मोंढ्याला वळसा घालून जात राह्यलो.

मी खोटं बोलत असंल तर सांगा. भिंत पडावी म्हणून आपण मैदानात उभं राह्यलो, सुनावणीला गेलो, आणि भिंत पडल्यावर पाय आपले जुन्याच वाटेनं. आमच्याकडचे म्हणतात, तिकडून कशाला जायचं. तुमच्याकडचे म्हणतात, आम्ही तिकडून गेलो तर गल्लीवाले काय म्हणतील. अहो, काय म्हणतील? ढवळे म्हणतील, चहा घ्या. पण कुणी येऊन बघेल तर ना. दोन्हीकडचे लोक दारापर्यंत यायचे, आत डोकवायचे आणि माघारी फिरायचे. जसं काही कुणाच्या घरात चाललो.

मी दवाखान्यात गेलो की मॅडमचा एकच सवाल. तब्येत कशी, काय खाल्लं, ते मी विचारायचो. त्यांनी विचारायचं, "काका, लोक जातात का तिकडून?" आता आजारी माणसापुढं काय बोलावं? पण त्यांच्यापुढं खोटा नकाशा चालत नसतो, हे मी बघितलं होतं. मी म्हणलं, "न्हाई जात मॅडम."

मला वाटलं, खचतील. त्या हसल्या. सलाईन लावलेला हात तसाच, आणि हसल्या. म्हणल्या, "जातील. पायाला नवी वाट लागायला वेळ लागतो. तुम्ही जात जा काका. तुम्ही जाताना दिसलात की बाकीचे येतील."

मंग मी जायला लागलो. रोज सकाळी, दुधाची पिशवी घेऊन. पहिल्या दिवशी सांगतो, चोरासारखं वाटलं. आपल्याच गावात. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागून हाक आली, "ढवळे साहेब." वळून बघतो तर किसन. किसन गवंडी, तो बघा, तिकडं मागं बसलाय. परतूरच्या गाडीला वर्षानुवर्षं माझा प्रवासी. त्याच्या पोरीच्या लग्नाचा बस्ता माझ्या गाडीतून गेला. त्याला मी सीट धरून ठेवायचो. किसन म्हणला, "साहेब, तुम्ही इथं कुठं?" म्हणलं, "मी इथंच राहतो, भिंतीपलीकडं." तो म्हणला, "मीबी. भिंतीच्या ह्या अंगाला." गाडीत आमची पक्की ओळख, आणि घरं एकाच गोदामाच्या अल्याड-पल्याड आहेत हे दोघांनाबी ठाऊक न्हाई. त्या दिवशी दूध नासलं, इतका वेळ मी त्याच्या ओट्यावर बसलो.

हे मी मॅडमला जाऊन सांगितलं. त्यांना बोलवत नव्हतं फारसं. डोळे मिटून ऐकलं. म्हणल्या, "अजून कोण?" म्हणलं, "अजून मीच." म्हणल्या, "बरं. दोन झाले." मला वाटतं किसनला धरून म्हणल्या.

तीच शेवटची भेट.

मंडळी, परवा सोमवारी महिना संपतो. साहेब येणार आहेत. इथं ह्या आवारात उभं राहून बघणार आहेत. मॅडम समजावून सांगायला न्हाईत. नकाशा त्यांनी दिलेला आहे, फाईलीत आहे, पण आता तो वाचून चालायचं न्हाई. तो खरा आहे का खोटा, हे आपण परवा सकाळी शाळेत, कामावर, दुकानात कुठून जातो त्यावर ठरणार. आमच्या घरांचं त्यावर ठरणार, तुमच्या पोरांच्या शाळेच्या वाटेचं त्यावर ठरणार. मला भीती वाटत होती, काल रात्रीपर्यंत वाटत होती. पण आज इथं बघतो, तर शांताबाई खालाला हाताला धरून आणून बसवून राह्यल्या. तुमच्याकडची पोरं आमच्याकडच्या पोरांबरोबर मघापासून मागं गोंधळ घालून राह्यलीत, कुणी त्यांना ओरडलं न्हाई. मला वाटतं, होईल. मला खरंच वाटतं, होईल.

श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं उभं राहायचं असतं. राहू. पण माझी एक विनंती आहे. शांतता झाल्यावर कुणी आल्या दारानं परत जाऊ नका. हौदाच्या गल्लीतल्यांनी पंचशीलनगराच्या दारातून बाहेर पडा. पंचशीलनगरवाल्यांनी आमच्या गल्लीतून जा. लांब पडलं तर पडू द्या. कुणी चहाला बोलावलं तर न्हाई म्हणू नका.

वाहुळे मॅडम, तुम्हाला हौदाच्या गल्लीचा जयभीम, नमस्कार आणि सलाम.

सुभद्राताई, तुम्ही बसून राहा. उठू नका, इथंच मधी बसा, दोन्ही दारं दिसतील अशा. लोक तिकडून जातात का, हे तुमच्या लेकीनं मला विचारलं होतं, त्याचा 'हो' असा जबाब मला त्यांना द्यायचा राहून गेला. तो तुम्ही बघा, आणि घरी जाऊन त्यांच्या फोटोला सांगा.

मंडळी, उभे राहा.